भिंतीवरच्या कॅलेंडरातला समुद्र

मालवणजवळच्या देवबागच्या खाडीत आमची होडी वाळूत रुतली, तेव्हा सकाळचे पावणेआठ वाजले होते. रविवार होता. आम्ही घरचे सातजण, त्यात माझी आई आणि दोन शाळकरी पोरं. होडीवाल्यानं आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं, "धानंतर येवा." पण दुपारी जेवण करून गगनबावड्याच्या घाटानं अंधार पडायच्या आत कोल्हापूर गाठायचं होतं, म्हणून आम्हीच हट्ट धरला. तो नको म्हणत असताना साडेसातला निघायला लावलं. नदी समुद्राला मिळते त्या संगमाच्या अलीकडे होडीचा तळ घासल्याचा आवाज आला आणि होडी थांबली. बघता बघता भोवतीचं पाणी आणखी उतरलं. गुडघ्याएवढं होतं ते घोट्यापर्यंत आलं.

होडीवाला चिडला नाही. बूड टेकून बसला आणि आईकडे बघून म्हणाला, "मावशी, आज संकष्टी मा? तीन वाजता भरती. म्हणजे आता सुकती."

सुकती म्हणजे ओहोटी. आई गेली चाळीस वर्षं संकष्टी करते. रात्री गच्चीवर जाऊन चंद्र दिसतो का बघते आणि मगच उपास सोडते. त्या चतुर्थीचा आणि पायाखालच्या या उतरलेल्या पाण्याचा काही संबंध असेल, हे तिनं तिथं पहिल्यांदा ऐकलं. मीही. पावणेदहाच्या सुमारास होडी आपोआप हलली. तोपर्यंतच्या दोन तासांत त्या माणसानं आम्हाला जे सांगितलं, ते कोल्हापुरातल्या प्रत्येक घराला ठाऊक असायला हवं असं मला वाटतं. कारण आपल्याकडून दर सुट्टीत हजारो माणसं मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला, गणपतीपुळ्याला उतरतात, आणि सहल ठरवताना खोलीचं बुकिंग पाहतात, रजा पाहतात, गाडी पाहतात. समुद्राची वेळ कुणी पाहत नाही.

ती वेळ स्वयंपाकघराच्या भिंतीवरच टांगलेली असते.

हिशोब असा. त्या दिवशीच्या तिथीचा आकडा घ्यायचा, त्याला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. जे उत्तर येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. दुपारी तीनला एक भरती आणि पहाटे तीनच्या आसपास दुसरी. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एकनं मोजायला लागायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हा ठोकताळा आहे, घड्याळ नव्हे. तो मुंबईच्या बाजूला जास्त नीट जुळतो. भरतीची लाट या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवणात ती मुंबईपेक्षा थोडी आधी येते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरला तरी घरच्या सहलीला हा हिशोब पुरतो.

यामागचं कारण अवघड नाही. समुद्राचं पाणी मुख्यतः चंद्र ओढतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्या वेळात चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून तोच चंद्र त्याच जागी डोक्यावर यायला चोवीस तास नव्हे, चोवीस तास पन्नास मिनिटं लागतात. भरती रोज जवळपास तेवढीच मागे पडते. तिथीमागे पाऊण तास धरायचा तो यासाठी. आता संकष्टीच्या चंद्रोदयाचं बघा. आपण रात्री नऊच्या आसपास गच्चीवर चंद्राची वाट बघत उभे असतो, त्याच सुमाराला मालवणच्या किनाऱ्यावर पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं. चंद्र क्षितिजावर असतो तेव्हा इथं ओहोटी आणि तो वर चढत जातो तशी भरती, असा मेळ कोकण किनाऱ्यावर जवळपास बसतो. दुसऱ्या किनाऱ्यांवर तो वेगळा असू शकतो, कारण किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली पाण्याला अडवते, उशीर लावते.

पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका ओळीत येऊन ओढतात. त्याला उधाण म्हणतात. त्या दिवसांत पाणी खूप वर चढतं आणि तेवढंच खाली जातं. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते, पाण्याची चढउतार कमी होते. तो भांग. मुंबईत उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं. मालवणात ते दोन-सव्वादोन मीटरच. पण देवबागसारख्या उथळ खाडीत होडी तरंगते की रुतते, हे ठरवायला दोन मीटर खूप झाले.

इथं एक गोष्ट मला सांगावीशी वाटते. 'कालनिर्णय' सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे. १९२९ साली त्यांचा जन्म तिथला. १९७३ साली त्यांनी हे कॅलेंडर काढलं आणि तिथ्या घराघरांतल्या भिंतीवर आल्या. मालवणातल्या दर्यावर्दी घरांत तिथी उपासासाठी जितकी बघितली जाते तितकीच पाण्यासाठीही. आपण घाटावर राहणाऱ्यांनी त्यातला उपास घेतला आणि पाणी सोडून दिलं.

खरं तर कोल्हापूर या समुद्राला परकं नाही. सरळ रेषेत तो शंभरेक किलोमीटरवर आहे. गगनबावड्याच्या कड्यावर पडणाऱ्या पावसाचा एक थेंब पूर्वेला घरंगळला तर कुंभीतून पंचगंगेत, तिथून कृष्णेत आणि पार बंगालच्या उपसागरात जातो. पश्चिमेला घरंगळला तर पन्नासेक किलोमीटरमध्ये अरबी समुद्रात. घाटातल्या पाट्यांचे फोटो काढताना पोरांना हे जरूर दाखवा. आणि मालवणच्या जेट्टीवरून समोर दिसणारा सिंधुदुर्ग हा दीर्घ काळ करवीरच्या छत्रपतींचाच किल्ला होता. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याचा पाया घातला आणि १६६७ मध्ये तो पुरा झाला. पुढे सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्यावर तो कोल्हापूरकडे आला. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं, पण वर्षभरातच कोल्हापूरला परत दिला. १८१२ च्या करवीरच्या तहानं मात्र मालवण बंदर आणि किल्ला कायमचा हातातून गेला. समुद्राची वाट तिथं बंद झाली. त्यानंतरच्या पिढ्यांना समुद्र भेटला तो आठवड्याच्या बाजारातल्या सुकटीच्या आणि सुक्या बोंबलाच्या ढिगातून. मोटारीनं चार तासांत किनारा गाठण्याची सवय अगदी अलीकडची आहे, म्हणून समुद्राबद्दलचं आपलं अडाणीपण मी कमीपणाचं मानत नाही. शिकायला उशीर झाला आहे, एवढंच.

आता सहलीचा दिवस कसा मांडायचा ते.

पहाटे उठा. मुक्कामाला गेलेला कोल्हापूरकर साडेआठला नाश्त्याला उतरतो, तेव्हा किनाऱ्यावरचं अर्धं नाटक संपलेलं असतं. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. हे मतलई वारे. लाटा त्यामुळे दबलेल्या असतात, पाणी सपाट दिसतं. ऊन चढलं की जमीन तापते, वरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्राकडून खारे वारे सुटतात. दुपारनंतर पाण्याला खळखळ येते. शिडाच्या काळात होड्या मतलईबरोबर बाहेर पडत आणि खाऱ्या वाऱ्याबरोबर परतत. शाळेच्या भूगोलात हे वाक्य आपण पाठ केलेलं असतं. पहाटे पाच वाजता मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की ते अंगाला लागतं. घरच्या माणसांना होडीत बसवायचं असेल तर सकाळी सात ते अकरा ही वेळ सगळ्यात चांगली, आणि भरती त्याच वेळेत येणारा दिवस मिळाला तर उत्तम. म्हणजे कोणती तिथी? नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. एकादशी दोन्ही पक्षांत येते, म्हणजे महिन्यातून दोनदा. एकादशीला मासे खायचे नसतील तर द्वादशी घ्या.

पहाटे किनाऱ्यावर रापण लागली असेल तर बाकी सगळं सोडून तिथं जा. रापण हे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, शेकडो मीटर लांबीचं. जाळ्याच्या दोराचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात देऊन होडी निघते. वल्ह्यांवर चार-सहाजण. जाळं पाण्यात सोडत सोडत होडी अर्धवर्तुळ काढते आणि लांबवर दुसऱ्या ठिकाणी किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसं लागतात आणि ओढायला सुरुवात होते. तीस, चाळीस, कधी त्याहून जास्त. दोर खांद्यावरून कमरेला घेऊन माणूस मागे मागे चालतो, वर पोचला की दोर सोडतो आणि पुन्हा पाण्याकडे येऊन नवा हात धरतो. तास-दीड तास हेच. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकत येतात आणि शेवटी मधली झोळी उथळ पाण्यात येते. त्या क्षणी पाणी अक्षरशः उकळल्यासारखं दिसतं. वर घारी, पुढे मांजरं, टोपल्या घेऊन बायका.

रापणीत तुम्ही हात लावू शकता. विचारा, लगेच जागा देतात. आमच्या पोरांनी वीस मिनिटं दोर ओढला आणि तळहात लाल करून घेतले. मासळी वाळूवर आली तेव्हा एका म्हाताऱ्यानं दोघांच्या हातात चार-चार बांगडे ठेवले. मी पैसे काढायला लागलो तर तो म्हणाला, "वाटो तो. पैसे नको." रापणीचा सगळा व्यवहार या वाट्यावर उभा आहे. जाळ्याचा तुकडा घालणाऱ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा, आणि म्हातारपणामुळे नुसता दोराला हात लावणाऱ्याचाही. एकट्यादुकट्याला हे जाळं ना घेता येतं ना ओढता येतं, म्हणून गावातल्या अनेक घरांनी मिळून ते चालवायचं. मालवण किनाऱ्यावरचा गाबीत समाज पिढ्यान्‌पिढ्या ही मासेमारी करत आला आहे. हॉटेलचे तारे मोजण्यापेक्षा पोरांना हे दाखवणं मला मोलाचं वाटतं.

रापणीला आता पूर्वीसारखी मासळी लागत नाही, हेही तिथंच कळतं. ती किनाऱ्याजवळ येणाऱ्या थव्यांवर जगते आणि ते थवे बाहेरच अडवले जातात. पर्ससीन जाळ्यांची मोठी यांत्रिक नौका अख्खा थवा एका वेढ्यात उचलते. रात्री पाण्यावर प्रखर दिवे सोडून मासे गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्र सरकारनं २०१७ मध्ये बंदी घातली, पण बंदीचा कागद आणि रात्रीचा समुद्र यांच्यात अंतर आहे. मालवणात पारंपरिक मच्छीमारांनी यावरून वर्षानुवर्षं आंदोलनं केली आहेत. आपल्या ताटाचा याच्याशी थेट संबंध आहे. घाटावरून येणारा प्रत्येकजण सुरमई आणि पापलेट मागतो. सुरमईला तिथं इसवण म्हणतात, पापलेटला सरंगा. मागणी दोनच माशांना असली की लहान पिल्लंही बाजारात येतात. २०२३ मध्ये राज्य सरकारनं पापलेटला राज्यमासा ठरवलं, आणि त्याच वर्षी पन्नासहून जास्त जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. खाणावळीत बसल्यावर "आज रापणीला काय लागलं?" असं विचारा. तारली, पेडवे, बांगडा, मुडदुशी, सौंदाळे यांतलं काहीतरी नाव येईल. ताजी तारली तिरफळ घालून केलेल्या आमटीत खाल्ली, की पापलेटची आठवण येत नाही.

घरच्या माणसांनी स्वतः मासे पकडायचे असतील तर त्यासाठी गरी. आपण पंचगंगेवर गळ टाकतो, तिथं गरी टाकतात, आणि त्या सगळ्या खटाटोपाला गरवणं म्हणतात. मोठ्या काठीची आणि चाकाची गरज नाही. हातानं सोडायची दोरी, खाली शिशाचं वजन, एक-दोन गऱ्या आणि आमिषाला कोळंबीचा तुकडा. जागा खाडीच्या काठावरची जेट्टी किंवा नांगरलेली होडी. वेळ मात्र चढत्या पाण्याची. भरती सुरू झाली की पाण्याबरोबर लहान मासे खाडीत शिरतात आणि त्यांच्या मागे मोठे. खडकाळ भागात तांबोशी किंवा गोबरा लागू शकतो, खाडीत काळुंदर, शेंगटी. शेंगटीपासून जपा. तिच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे विषारी असतात, आणि गरीतून सोडवताना हमखास टोचतात. ती लागली की होडीवाल्याला सोडवू द्या. टोचलीच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की वेदना कमी होतात, मग डॉक्टर. हाताएवढाही नसलेला मासा लागला तर ओल्या हातानं धरून परत सोडायचा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तो थरच त्याचं रोगापासून रक्षण करतो.

अगदी लहान मुलांना गरवण्याचा कंटाळा येतो. त्यांच्यासाठी ओहोटी आहे. पाणी उतरल्यावर खाडीच्या ओल्या वाळूत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, शोधायच्या. वाळूत बारीक भोकं दिसतात तिथं बोटानं उकरायचं. गावातल्या बायका हेच काम तासन्‌तास कमरेत वाकून करतात आणि त्यावर घर चालवतात, म्हणून ओंजळभर मिळाल्या की थांबायचं, बारक्या परत पुरायच्या. होडी रुतली होती त्या दोन तासांत आमच्या पोरांनी याच उद्योगात इतका आनंद घेतला, की होडी हलली तेव्हा त्यांनाच वाईट वाटलं.

होडीतून बघण्यासारखं काय, याची यादी कुणीही सांगेल. सिंधुदुर्गाची फेरी तर आहेच. मला देवबाग जास्त ओढतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यावर माडांखाली अख्खं गाव वसलेलं. पट्टी जिथं संपते तिथं नदी समुद्राला मिळते. तिथल्या वाळूच्या बेटाला त्सुनामी आयलंड म्हणतात. २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं सांगतात. नदीच्या मुखाशी नदीचा गाळ आणि लाटांची वाळू यांची रोजची झटापट चालते, त्यातून असे बांध तयार होतात, सरकतात, बुडतात. आमची होडी ज्या बांधावर चढली, तो दरवर्षी जागा बदलतो. म्हणून तिथं नकाशापेक्षा होडीवाल्याचा डोळा खरा.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांचा एक बचतगट होडीनं कांदळवनाची सफर घडवतो. वल्ही त्यांच्याच हातात, आणि कोणतं झाड कोणतं, कुणाची मुळं चिखलातून वर श्वास घ्यायला येतात, हे त्याच सांगतात. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे खंड्या पक्षी जागचा उडत नाही. आजीआजोबांना घेऊन जायला याहून चांगली होडी मला माहीत नाही.

डॉल्फिन बघायला जाताना मात्र एक विनंती. आपल्या किनाऱ्यालगत दिसतात ते पाठीवर कुबड असलेले डॉल्फिन. ते उथळ पाण्यातच राहतात, म्हणजे नेमके आपल्या होड्यांच्या वाटेत. ही जात जगभर संकटात आहे आणि वन्यजीव कायद्यानं तिला सर्वांत वरचं संरक्षण आहे. पाच होड्या इंजिन गरगरवत त्यांच्या मागे लागल्या की आया पिल्लांना घेऊन बुडी मारतात. होडीवाला पाठलाग करतो तो गिऱ्हाइकाच्या आग्रहामुळे. "इंजिन बंद करा, दिसले तर दिसले" असं तुम्ही म्हटलंत की त्यालाही बरं वाटतं, डिझेलही वाचतं. तीच गोष्ट पाण्याखालच्या प्रवाळांची. सिंधुदुर्गाभोवतीचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ दगडासारखं दिसत असलं तरी ते जिवंत असतं आणि वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं. एका पावलानं मोडलेलं पुन्हा यायला पोराचं लग्न होईपर्यंतचा काळ लागतो. तोंडाला चष्मा-नळी लावून वरून बघा, पाय टेकू नका.

आता मे महिन्याबद्दल, कारण कोल्हापूर निघतं ते मेमध्येच. शाळांना सुट्टी, आंब्याचे दिवस, हे खरं. पण समुद्रासाठी मे चांगला महिना नव्हे. पाणी गढूळ होऊ लागतं, दुपारचा वारा जोर धरतो, आणि एक गोष्ट अशी घडते जी किनाऱ्यावर उभं राहून कळत नाही. हजारो किलोमीटर दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या बाजूला वादळं उठतात. त्यांनी उठवलेल्या लांब लाटा काही दिवस प्रवास करून आपल्या किनाऱ्यावर येतात. इथं वारा नाही, ढग नाही, स्वच्छ ऊन आणि तरीही अचानक उंच लाटा. मच्छीमार अशा दिवशी होडी वाळूवर वर ओढून ठेवतात, आणि आपल्याला वाटतं की आज काम नाही. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था अशा उंच लाटांचे इशारे आधी देते. ते मोबाइलवर बघता येतात, बातम्यांतही येतात. निघायच्या आदल्या रात्री बघा. मेअखेरीस किल्ल्याची वाहतूक आणि पाण्यातले खेळ बंद होतात ते ऑगस्टअखेरपर्यंत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, कारण हा माशांच्या विणीचाही काळ आहे. श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून नवा हंगाम धरतात. दिवाळीनंतर पाणी निवळतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने घरच्या सहलीसाठी सगळ्यात निर्धास्त. शाळेला दोन दिवस दांडी पडली तरी चालेल, असं मी शिक्षकांची क्षमा मागून म्हणतो.

आणि आता पोहण्याबद्दल. आपण पाण्यातली माणसं. विहिरीत दोर बांधून शिकलेली, रंकाळा-कळंबा पालथा घातलेली, पंचगंगेच्या पुरात उड्या मारणारी. बीजिंग ऑलिंपिकला पोहलेला वीरधवल खाडे आपल्याच गावचा. याच आत्मविश्वासाची मला भीती वाटते. विहिरीचं पाणी जागेवर असतं, नदी एका दिशेला नेते आणि दोन्ही बाजूंना काठ असतो. समुद्रात काठ एकच, आणि पाणी तुम्हाला त्याच्यापासून लांब नेऊ शकतं. लाटा किनाऱ्यावर सतत पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जाताना वाळूतली एखादी खोलगट जागा शोधतं आणि तिथून अरुंद पट्ट्यात जोरात समुद्राकडे धावतं. गंमत अशी, की त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, त्यामुळे तीच जागा शांत आणि पोहण्यासारखी दिसते. माणूस तिथंच उतरतो. मग किनाऱ्याकडे सरळ पोहायला जातो, प्रवाहाशी झगडतो आणि दमून बुडतो. उपाय एकच. झगडायचं नाही. खाऱ्या पाण्यात अंग थोडं जास्त तरंगतं, तेव्हा उताणं होऊन दम राखायचा, हात वर करून हाक मारायची, आणि किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर पडायचं. पट्टा रुंद नसतो. बाहेर आलात की लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलतात.

एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे आठजण बुडाले. स्थानिक लोकांनी पुढे जाऊ नका असं सांगितलं होतं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. ही माणसं आपल्यासारखीच सहलीला आलेली होती. म्हणून होडीत बसण्याआधी तिच्यावर रंगवलेला नोंदणी क्रमांक आणि प्रवाशांची संख्या वाचा. डोकी मोजा. जास्त असतील तर दुसरी होडी घ्या. तरंगण्याचं जाकीट फोटोपुरतं नव्हे, बक्कल लावून, पोरांना त्यांच्या मापाचं. बसल्यावर उठून सेल्फीला एका बाजूला गर्दी करायची नाही. दारू पिऊन पाण्यात कुणालाही उतरू द्यायचं नाही, मग तो घरातला थोरला का असेना.

आम्ही त्या रविवारी अकराला जेट्टीवर परतलो. भाडं देताना मी थोडे जास्त पैसे पुढे केले, त्यानं ठरलेलेच घेतले. आई त्याला म्हणाली, "बाळा, तू सांगत होतास, आम्ही ऐकलं नाही." कोल्हापूरला पोचायला रात्रीचे आठ वाजले. नवाच्या सुमारास ती नेहमीसारखी गच्चीवर गेली आणि चंद्र दिसल्यावर मला वरून हाक मारून म्हणाली, "देवबागला आता सुकती असंल बघ."

पुढच्या सुट्टीचं ठरवायला बसाल तेव्हा आधी कॅलेंडर काढा, तिथीला तीननं गुणा, चारनं भागा आणि मग खोली बघा. आणि किनाऱ्यावरचा होडीवाला "आज नको" म्हणाला, तर घासाघीस करू नका, दुसऱ्या होडीकडेही जाऊ नका. त्या दिवसाचं भाडं सोडून तो तुम्हाला परत पाठवतो आहे. त्याला नमस्कार करा आणि पोरांना घेऊन वाळूत बसा.